वर्दी उतरल्यावरही लढणारे सैनिक आणि शस्त्रांचा बाजार



युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तिकडे सीमेवर जवान लढतोय आणि तुम्ही इकडे प्रश्न विचारताय?" टीव्हीवरचा अँकर हे बोलतो, नाक्यावरचा पुढारी बोलतो आणि अलीकडे आपल्या वस्तीतली पोरंही तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतात. या वाक्याची करामत अशी की त्यात जवानाचं नाव आहे, पण जवानाला तोंड नाही. त्याच्या वतीने सगळे बोलतात. तो स्वतः काय पाहून आला, काय करून आला आणि त्याच्या लढण्यातून कोणाची तिजोरी भरली, हे त्याला कोणी विचारत नाही.

जवानाने तोंड उघडलं तर काय होतं, याचा एक मोठा इतिहास आहे. जगात सर्वाधिक शस्त्रं विकणाऱ्या अमेरिकेत गेली नव्वद वर्षं माजी सैनिक आपल्याच सरकारविरुद्ध आणि आपल्याच शस्त्र कंपन्यांविरुद्ध उभे राहत आले आहेत. ते राजधानीतच नव्हे, तर आपापल्या गावात, कारखान्याच्या फाटकावर आणि शाळेच्या दारात उभे राहतात. हा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे, कारण सैन्याशी आपलं नातं स्टुडिओतल्या देशभक्तांपेक्षा जुनं आणि जास्त खरं आहे.

सेनापतीने मांडलेला हिशेब

सुरुवात स्मेडली बटलर यांच्यापासून करू. अमेरिकन मरीन दलातले हे मेजर जनरल. तेहतीस वर्षांहून अधिक नोकरी आणि 'मेडल ऑफ ऑनर' हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा. यांना कोणी भित्रा म्हणू शकत नव्हतं आणि देशद्रोही म्हणणंही सोपं नव्हतं. निवृत्तीनंतर १९३५ साली त्यांनी 'वॉर इज अ रॅकेट' ही छोटी पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. युद्ध हा धंदा आहे, त्यातला नफा मूठभरांचा आणि तोटा बाकी सगळ्यांचा. निकाराग्वा, हैती, होंडुरास या देशांत आपण लोकशाही नेली नाही, तर बँका आणि कंपन्यांची वसुली करून दिली, हेही ते जाहीरपणे सांगत राहिले.

बटलर यांनी आकडे दिले. दारूगोळा बनवणाऱ्या ड्युपाँट कंपनीचा नफा पहिल्या महायुद्धापूर्वी वर्षाला सरासरी ६० लाख डॉलर होता, तो युद्धकाळात ५ कोटी ८० लाखांवर गेला. मग त्यांनी उपाय सुचवला. तरुणांची सक्तीने भरती करण्याआधी भांडवलाची सक्तीने भरती करा. कारखान्यांचे संचालक, बँकर, मंत्री या सगळ्यांना युद्धकाळात खंदकातल्या शिपायाएवढाच पगार द्या. आणि युद्ध करायचं की नाही यावर मत द्यायचा अधिकार ज्यांना प्रत्यक्ष मरायला जायचं आहे त्यांनाच द्या. यातला एकही उपाय कोणत्याही देशाने मान्य केला नाही. का केला नाही, याचं उत्तर उपायातच आहे.

याच काळात, १९३२ च्या उन्हाळ्यात, पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो बेकार सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन बसले. सरकारने त्यांना बोनस कबूल केला होता, पण तो मिळणार होता १९४५ साली. आज पोटाला काय खायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या झोपड्यांत काळे आणि गोरे सैनिक शेजारी शेजारी राहत होते. ज्या सैन्यात ते लढले होते, तिथे मात्र काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. सैन्यातला हा वर्णभेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला, म्हणजे आणखी एक महायुद्ध लढून झाल्यावर. बोनस मागणाऱ्यांना उत्तर काय मिळालं? २८ जुलै १९३२ रोजी जनरल मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकलं. झोपड्या पेटल्या. कालपर्यंतचे शूरवीर हक्क मागताच दंगलखोर ठरले.

मित्रांनो, हे चित्र आपल्याला अनोळखी आहे का? गरज असेपर्यंत शूर आणि हक्क मागितला की उपद्रवी, हा अनुभव आपल्या पूर्वजांनी पूर्ण शतकभर घेतला आहे. त्याकडे पुढे येतो.

परत केलेली पदकं

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने कोणाला पाठवलं? कॉलेजात शिकणाऱ्यांना भरतीतून सवलत होती. कॉलेजात कोण शिकत होतं, हे सांगायला नको. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी भरतीच्या परीक्षेतले गुण खाली आणून एक योजना काढली. गरिबांना संधी, असं तिचं वर्णन केलं गेलं. तिच्यातून तीन लाखांहून अधिक तरुण सैन्यात घेतले गेले आणि त्यातले सुमारे चाळीस टक्के काळे होते. देशात एकत्र शाळेत बसू न शकणारे काळे-गोरे तरुण परदेशात एकत्र मारायला आणि मरायला पाठवले जात आहेत, हे मार्टिन ल्युथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कमधल्या चर्चमधून सांगितलं. तेव्हा त्यांचे अनेक मित्रसुद्धा त्यांच्यावर रागावले. नागरी हक्कांवर बोला, युद्ध तुमचा विषय नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. आपल्याला आजही हाच सल्ला मिळतो: आरक्षणावर बोला, अत्याचारावर बोला, परराष्ट्र धोरणात पडू नका.

त्याच वर्षी 'व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर' ही माजी सैनिकांची संघटना उभी राहिली. १९७१ च्या सुरुवातीला डेट्रॉइटमध्ये शंभराहून अधिक सैनिकांनी एकामागून एक उभं राहून आपण काय पाहिलं आणि आपल्या हातून काय झालं, याची जाहीर साक्ष दिली. एप्रिलमध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि संसदेच्या पायऱ्यांवर शेकडो जणांनी आपली पदकं फेकून दिली. काही जणांनी मेलेल्या मित्रांची नावं घेतली, काहींनी व्हिएतनामी लोकांची माफी मागितली.

यातल्या प्रत्येकाची पूजा करायची असं मी म्हणत नाही. त्या आंदोलनाचा चेहरा बनलेले जॉन केरी पुढे सिनेटर झाले आणि २००२ मध्ये इराकवरच्या हल्ल्याला अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. चळवळीतून वर गेलेला माणूस वर गेल्यावर कसा बोलतो, हे आपल्याला शिकवायला अमेरिकेची गरज नाही. पण केरी फिरले म्हणून त्या पायऱ्यांवर पडलेली पदकं खोटी ठरत नाहीत.

आता कंपन्यांकडे येऊ. व्हिएतनामवर टाकलेला नापाम डाऊ केमिकल बनवत होती. जंगल आणि पिकं जाळणारं 'एजंट ऑरेंज' बनवणाऱ्यांत डाऊ आणि मोन्सँटो दोघी होत्या. ते विष अमेरिकन सैनिकांच्याही अंगात गेलं. त्यांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हिएतनामी बळींनी त्याच देशाच्या कोर्टात दाद मागितली, तेव्हा त्यांचा दावा २००५ साली फेटाळला गेला. हीच डाऊ कंपनी २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेते आणि भोपाळच्या बळींची जबाबदारी मात्र आपली नाही म्हणते. चाकणजवळ शिंदे-वासुलीला तिचं संशोधन केंद्र येणार होतं. गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले आणि कंपनीला तिथून माघार घ्यावी लागली. युद्धात विष विकणारे आणि शांततेत विष विकणारे वेगळे नसतात. त्यांना अडवणारेही एकाच रांगेतले असायला हवेत.

फाटकावर उभे राहिलेले म्हातारे

१९८५ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात 'व्हेटरन्स फॉर पीस' ही संघटना स्थापन झाली. पुढे तिच्या शाखा गावोगाव निघाल्या. राजधानीतल्या मोर्च्याचे फोटो येतात, पण या संघटनेची खरी ताकद शाखेत आहे. दर आठवड्याला चौकात फलक घेऊन उभं राहणं, शाळेत जाऊन मुलांना भरती अधिकारी जे सांगत नाही ते सांगणं, नगरपालिकेत ठराव मांडणं, ११ नोव्हेंबरला तोफा-परेडऐवजी घंटा वाजवून युद्धबंदीचा दिवस पाळणं, अशी ही कामं आहेत. टीव्हीला दिसत नाहीत अशी.

मेनमधल्या बाथ या गावाचं उदाहरण घ्या. तिथे जनरल डायनॅमिक्स कंपनीच्या गोदीत नौदलाच्या विनाशिका बांधल्या जातात. नवी विनाशिका पाण्यात उतरण्याच्या सोहळ्याला मंत्री-संत्री येतात, तेव्हा फाटकाबाहेर हे माजी सैनिक उभे असतात आणि अटकही करून घेतात. २०१८ मध्ये कंपनीने राज्य सरकारकडे ६ कोटी डॉलरची करसवलत मागितली. शाळा, दवाखाने, रस्ते यांना पैसा नाही म्हणणारं राज्य अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपनीला कर माफ करणार होतं. हवाई दलात नोकरी केलेल्या ब्रूस गॅग्नन यांनी महिनाभराहून अधिक उपोषण केलं. शेवटी विधिमंडळाने साडेचार कोटी मंजूर केले. म्हणजे लढाई हरली, पण दीड कोटी वाचले, आणि कंपनीचा अर्ज गुपचूप मंजूर होण्याऐवजी गावात चर्चेचा विषय झाला.

तिथे त्यांना रोज एक प्रश्न विचारला जातो. गोदी बंद झाली तर गावातल्या हजारो कामगारांनी खायचं काय? प्रश्न खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेणारा माणूस कामगारांचा मित्र नाही. हे माजी सैनिक गोदी बंद करा म्हणत नाहीत. गोदीत रेल्वेचे डबे बांधा, पवनचक्क्या बांधा, असं ते म्हणतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रॉबर्ट पॉलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टियर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास त्यांच्या बाजूने आहे. जेवढा पैसा शस्त्रांवर खर्च होतो तेवढाच शिक्षणावर केला, तर दुपटीहून अधिक रोजगार तयार होतात. 'शस्त्र कारखाना म्हणजे रोजगार' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं वाक्य असं की त्याच पैशात त्याहून जास्त रोजगार होऊ शकले असते.

या रस्त्यावर काय किंमत मोजावी लागते? ब्रायन विल्सन हे व्हिएतनाममध्ये काम केलेले हवाई दलातले अधिकारी. १ सप्टेंबर १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड इथल्या शस्त्रागाराबाहेर, मध्य अमेरिकेत जाणारी शस्त्रं अडवण्यासाठी ते रुळांवर बसले. गाडी थांबली नाही. त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्याआधी, १९५८ मध्ये, नौदलाचे माजी अधिकारी अल्बर्ट बिगेलो 'गोल्डन रूल' नावाची छोटी होडी घेऊन प्रशांत महासागरातल्या अणुचाचणीच्या क्षेत्राकडे निघाले होते. त्यांनी नौदलाच्या राखीव दलाचा राजीनामा दिला तो पेन्शन लागू होण्याच्या एक महिना आधी. पेन्शनचं मोल ज्या घराला माहीत आहे, त्या घराला हा एक महिना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि ज्यांच्या नावाने सगळं चालतं, त्या सैनिकांची अवस्था? ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवलं की ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत सुमारे ७ हजार अमेरिकन सैनिक कारवाईत मेले. त्याच काळात सैन्यात असलेले आणि युद्धावरून परतलेले मिळून सुमारे ३० हजार जणांनी आत्महत्या केली. शत्रूने मारले त्याच्या चौपट. जवानाचा कैवार घेणाऱ्या अँकरने हा आकडा एकदा तरी वाचून दाखवावा.

या माजी सैनिकांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या शाखांत तरुण कमी आहेत, त्यांनी एकही मोठं युद्ध थांबवलेलं नाही आणि शस्त्र कंपन्यांचे शेअर त्यांच्या घोषणांनी पडत नाहीत. पण 'युद्धाला विरोध म्हणजे सैनिकाचा अपमान' या वाक्यातली हवा त्यांनी कायमची काढली आहे. जिथे अपमान झाल्याचा दावा केला जातो, तिथे ज्याचा अपमान झाला म्हणतात तोच माणूस उभा राहून सांगतो: माझ्या नावाने धंदा करू नका.

आपली परंपरा

आता आपल्याकडे. वर्दी उतरवून समाजासाठी लढणारा माजी सैनिक ही आपल्यासाठी परदेशी कल्पना नाही. आंबेडकरी चळवळीचा पायाच पेन्शनर सैनिकांनी घातला आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. दापोली-महाडच्या परिसरात असे अनेक पेन्शनर होते. स्वतः बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्यांपैकीच. पलटणीच्या शाळेतली अक्षरओळख, अंगावरची नीट वर्दी आणि मान वर करून चालण्याची सवय या माणसांनी वस्तीत आणली.

आणि इंग्रजांनी काय केलं? १८१८ च्या भीमा-कोरेगावला ज्यांचं रक्त वापरलं, त्यांनाच १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जात' नाही म्हणून भरतीबाहेर काढलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, पुन्हा महार रेजिमेंट. बोनस मागणाऱ्या अमेरिकन सैनिकांची जी गोष्ट वर सांगितली, ती आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट आहे.

म्हणून मी सरळ सांगतो. भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ हा युद्धाचा उत्सव करण्यासाठी नाही. बाबासाहेब १९२७ साली तिथे गेले ते पेशवाईतल्या गुलामीचं लोढणं फेकून देण्याची आठवण जागवायला. त्याच वर्षी महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा पहिल्या महायुद्धात लढून आलेले आपले अनेक जण तिथे होते. हात उचलायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितलं आणि ते शांत राहिले. लढता येणाऱ्या माणसाने कधी लढायचं नाही हे ठरवणं, याला शौर्य म्हणतात. आज काही मंडळी आपल्या तरुणांना 'तुम्ही लढाऊ जात' म्हणून गोंजारतात आणि त्याच श्वासात युद्धाचा ढोल हातात देतात. ज्यांनी काल आपल्याला लढाऊ नाही म्हणून हाकललं आणि जे आज लढाऊ म्हणून पुढे ढकलतात, त्यांच्यात फरक एवढाच की गरज बदलली आहे.

बाबासाहेबांची भूमिका

इथे दोन्ही बाजूंचे लोक बाबासाहेबांना अर्धेच वाचतात. एक बाजू म्हणते, बुद्ध म्हणजे अहिंसा, तेव्हा सैन्यच नको. बाबासाहेबांनी असं कधी म्हटलं नाही. हिटलरविरुद्धच्या युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला, महार रेजिमेंटसाठी प्रयत्न केले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सेनापती सिंहाच्या प्रश्नावर बुद्ध जे उत्तर देतात, त्यात शांततेचे सगळे मार्ग संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला दोष नाही. पण शांततेचे सगळे मार्ग संपले का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. दुसरी बाजू नेमका तो प्रश्न विचारू देत नाही.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाची गोष्ट कशी सांगितली आहे? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडण्याची पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. शस्त्रविद्या शिकलेल्या सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसं आपली, दोन त्यांची आणि चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडून वाद मिटवू, असा पर्याय दिला. बहुमत विरोधात गेलं. सक्तीच्या भरतीची वेळ आली तेव्हा सैन्यात जायचं, शिक्षा भोगायची की कुटुंबाची मालमत्ता जप्त होऊ द्यायची, असा पेच उभा राहिला. सिद्धार्थाने स्वतः परिव्रज्या पत्करली. पुढे त्याला कळतं की त्याच्या जाण्यानंतर शाक्यांच्या राज्यात स्त्रिया-पुरुष, मुलं-मुली युद्धाविरोधात मिरवणुका काढून रस्त्यावर आली आणि तंटा वाटाघाटीने सोडवायचं ठरलं. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत धम्माची पहिली पायरी युद्धाला दिलेला नकार आहे आणि तिचा पहिला परिणाम म्हणजे गावोगावची शांततेची चळवळ. मेनमधल्या गोदीच्या फाटकावरचा म्हातारा बुद्धाचं नाव घेत नसेल, पण तो उभा आहे ती जागा आपल्या ओळखीची आहे.

आणि हे तत्त्वज्ञानापुरतं नव्हतं. १० ऑक्टोबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी रुपये सैन्यावर जातात आणि एवढा प्रचंड खर्च हा चुकलेल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असं त्यांनी सांगितलं. लक्षात घ्या, हिंदू कोड बिल आणि अनुसूचित जातींच्या उपेक्षेच्या प्रश्नांबरोबरच त्यांनी हे कारण दिलं होतं. युद्ध आपला विषय नाही म्हणणाऱ्यांनी ते निवेदन पुन्हा काढून वाचावं.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी होती. शस्त्रं आयात करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या देशांत आपण आहोत. हे असताना सैनिकाला काय मिळतं? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातले पंचवीस टक्केच कायम आणि बाकीचे पेन्शनशिवाय घरी. खर्च वाचवायचा होता तर तो दलालीत, आयातीत, कंपन्यांच्या नफ्यात वाचवता आला असता. वाचवला तो जवानाच्या पेन्शनमधून. ज्या पेन्शनवर वलंगकर आणि रामजी सुभेदार उभे राहिले, ज्या पेन्शनवर आपल्या कित्येक घरांतली पहिली पिढी शिकली, ती पेन्शन बंद करणाऱ्यांनी आपल्याला देशभक्ती शिकवू नये.

आपल्याकडचाही एक सेनानी

कोणी म्हणेल, हे अमेरिकेत चालतं, इथे कुठला सेनानी असं बोलतो? ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास बोलले. माटुंग्यात जन्मलेले, १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले, १९९० ते १९९३ भारताचे नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर कोणत्या शस्त्र कंपनीच्या संचालक मंडळावर न जाता ते अलिबागजवळच्या भायमळा गावात शेती करायला गेले. १९९८ च्या अणुचाचण्यांना त्यांनी उघड विरोध केला. भारत-पाकिस्तानच्या सामान्य लोकांना एकत्र आणणाऱ्या मंचाचं नेतृत्व केलं आणि त्यासाठी २००४ मध्ये पाकिस्तानच्या इब्न अब्दुर रहमान यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रायगडमधल्या सेझविरोधी लढ्यात ते शेतकऱ्यांच्या बाजूने होते. २०१९ च्या निवडणुकीआधी सैन्याच्या कारवाईचा प्रचारासाठी वापर थांबवा, असं पत्र त्यांनी निवडणूक आयोगाला लिहिलं. १५ मार्च २०२४ रोजी ते गेले. आपल्यातल्या किती तरुणांना त्यांचं नाव माहीत आहे?

आणि शस्त्र कारखाने? तेही लांब नाहीत. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, भुसावळ, वरणगाव, अंबरनाथ. २०२१ मध्ये देशातल्या ४१ सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या आणि त्याच वर्षी कामगारांच्या संपावर बंदी आणणारा कायदा केला. पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण मेले, त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. नागपूरजवळ बाजारगावच्या खाजगी स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ जण मेले, त्यात सहा बाया. भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जण मेले. यांच्यासाठी कोणी मेणबत्ती लावली? कोणत्या अँकरने आवाज चढवला? शत्रूच्या गोळीने मेलेला शहीद आणि मालकाच्या बारुदीने मेलेला फक्त एक आकडा, ही वर्णव्यवस्था मरणातही चालते.

तेव्हा काय करायचं? आपल्या प्रत्येक मोठ्या वस्तीत एखादे तरी निवृत्त हवालदार किंवा सुभेदार आहेत. १ जानेवारीला, १४ एप्रिलला आपण त्यांना वर्दी-पदकं घालून व्यासपीठावर बसवतो, हार घालतो आणि भाषण पुढाऱ्याला देतो. यंदा माईक त्यांच्या हातात द्या. कोण भरती होतं, कोण मरतं, परतल्यावर गावाने पाणवठ्यावर आणि मंदिरात कसं वागवलं, विधवेच्या पेन्शनसाठी किती चकरा झाल्या, हे त्यांना विचारा आणि लिहून काढा. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना अग्निवीरचे नियम वाचून दाखवा. त्यांना अडवू नका. त्यांची गरज खरी आहे. पण डोळे उघडे ठेवून जाऊ द्या. ज्या जिल्ह्यात आयुध कारखाना आहे, तिथल्या शाखेने कंत्राटी मजुरांची सुरक्षा, विमा आणि भरपाई यांवर माहितीचा अधिकार वापरावा. फाटकावर उभं राहायची वेळ आली तर उभं राहावं.

देशांमधलं युद्ध कधीतरी होतं, माणसामाणसांतला वर्गांचा झगडा रोज चालू असतो, हे सिद्धार्थाला घर सोडल्यावर उमगलं, असं बाबासाहेब लिहितात. जो रोजच्या झगड्यात आपल्या विरोधात आहे, तो कधीतरीच्या युद्धात आपल्या बाजूने आहे, यावर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या नफ्याचा हिशेब मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!